मुन्शीकाकांनी वाचलेला कागद

माझ्या आईच्या ओव्या मला चारचौघांत म्हणता येत नाहीत. घरात म्हणा, न्हाणीत म्हणा, नातवाला झोपवताना म्हणा, कुणी विचारत नाही. पण समोर माईक आला की तोंड बंद. तसा कागदच आहे. त्या कागदावर माझी सही आहे आणि माझ्या सहीखाली मुन्शीकाकांची, उर्दूत, मोत्यासारखी. लोक म्हणतात, शकूबाई, गेलेल्या माणसाबद्दल कशाला वाईट बोलता? अहो, मी वाईट कुठं बोलते? माणूस चांगला होता, हेच तर माझं दुखणं आहे. लुच्च्यानं फसवलं असतं तर दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते.

त्यांचं खरं नाव अनंतराव. ते नाव रेशनकार्डावरच राहिलं. उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर, आणि शेंबड्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे त्यांना मुन्शीकाका म्हणायचे. निजामाच्या काळात ते अदालतीत मुन्शी होते. जातीनं ब्राह्मण, पण शिक्षण सगळं उर्दूत. संध्या करायची संस्कृतात, आणि शेजाऱ्याशी बोलायचं ‘लिहाजा’ आणि ‘अलबत्ता’ लावून. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, कचेरीची भाषा बदलली, आणि तिशीतल्या ह्या माणसाची विद्या एका हंगामात जुनी झाली. नोकरी गेली नाही, पण त्यांना जुन्या दप्तराच्या खोलीत बसवलं. निजामी काळातले जमिनींचे दस्त वाचून दाखवायचे, एवढंच काम. ते मात्र त्यांच्यासारखं कुणाला जमत नव्हतं. पेन्शनीत निघाल्यावरही लोक गावागावांतून पिवळे पडलेले कागद फडक्यात गुंडाळून त्यांच्या ओट्यावर यायचे.

उन्हाळा असो का थंडी, बंद गळ्याचा काळा कोट. वरचं बटण कधी उघडं दिसलं नाही. तोंडात लवंग. चष्म्याला काळा दोरा. चालणं असं, की पुढं कुणीतरी बिगुल वाजवतंय. मी लग्न होऊन ह्या गल्लीत आले, तेव्हा मला त्यांचं हसूच यायचं. माझा नवरा म्हणायचा, “हसू नको. ह्या माणसानं गल्लीतली निम्मी घरं वाचवलीत.”

ती कशी वाचवली, ते मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्या शेजारी चंद्रकलाबाई राहायच्या, नवरा वारलेला. एक दिवस त्यांचा दीर कागद घेऊन आला. म्हणे, वाटणीचा साधा कागद आहे वहिनी, टिकमार्क केलीय तिथं अंगठा द्या. बाई शहाणी, म्हणाली, आधी मुन्शीकाका वाचतील. काकांची वाचायची एक पद्धत होती. कागद तीनदा वाचायचा. एकदा भरभर, एकदा सावकाश, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. आणि तिसऱ्यांदा स्वतः नाही वाचायचं. कागद पालथा ठेवायचा आणि समोरच्याला म्हणायचं, “आता तुझ्या बोलीत सांग बेटी, काय लिहिलंय?” ते सांगितल्याशिवाय सही नाही. मग तो कलेक्टर का असेना.

चंद्रकलाबाई सांगायला लागल्या. “म्हंजी बगा, पुढची खोली दिराची. मागची बी दिराची. अन् मी जित्ती हाय तवर मला ऱ्हायला...” आणि मधेच थांबल्या. “अगं बया! म्हंजी घर सगळं त्याला दिलं की वो मी!” काकांनी कागदाची घडी घातली, दिराच्या हातात दिली आणि एवढंच म्हणाले, “राव, पाणी पिऊन जा.” दीर पाणी न पिताच गेला. काकांनी एका शब्दानं सांगितलं नव्हतं, की बाई, फसशील. तिच्याच तोंडून तिला कळू दिलं. मी त्या दिवसापासून त्यांना हसणं सोडलं.

माझं माहेर शेंद्र्याकडचं. तिथं कारखाने यायच्या आधीचं शेंद्रं, नुसतं शेत आणि धूळ. आई जात्यावर बसली की ओव्या म्हणायची, आणि त्या तिच्या स्वतःच्या असायच्या. कुणाकडून शिकलेल्या नाहीत. दळता दळता जुळवायची.

घास घालिते जात्याला, जातं ओढिते एकटी
थोरली गेली सासरी, भाकर थापिते धाकटी

ती थोरली म्हणजे मी. आई गेली तेव्हा तिच्या अशा शे-सव्वाशे ओव्या माझ्या डोक्यात होत्या. दुसरं काही मागं ठेवलं नाही तिनं. गल्लीतल्या गणपतीत मी एकदा त्या म्हणाले आणि बायका रडायला लागल्या. मग दुसऱ्या गल्लीनं बोलावलं, मग रेडिओवर एकदा म्हणाले, मग खेड्यांतून बोलावणी यायला लागली. नवरा वाळूजला कारखान्यात, शिफ्टच्या बसनं जाणारा. त्याला माझ्याबरोबर हिंडायला सवड नाही. तेव्हा मुन्शीकाका स्वतः म्हणाले, “बेटी, गाणं तू सांभाळ. कागद मी सांभाळतो. तुझा मुखत्यार मी.”

लोकांना वाटायचं, ओव्या म्हणणारी बाई, तिला कसला आलाय करार! पण काका ऐकायचे नाहीत. गाव कितीही लहान असो, एक पान लिहायचेच. बाईंना बसायला खुर्ची. प्यायला झाकलेलं पाणी. व्यासपीठावर गायिका आणि साथीदार सोडून कुणी चढायचं नाही. दिवस मावळायच्या आत जीपनं घरी पोचवायचं. आणि मग गावच्या सरपंचाला तेच, “आता तुमच्या बोलीत सांगा राव, काय लिहिलंय?”

एका जत्रेत मी ओव्यांच्या निम्म्यात आले होते, तर सरपंचाचा पुतण्या डुलत डुलत वर चढला. “ते रडगाणं पुरं करा! पिच्चरचं म्हणा काहीतरी!” माझी ओवी तिथंच तुटली. काका पहिल्या रांगेत बसलेले. उठले, कोट सारखा केला, वर आले, माझ्या पुढचा माईक घेतला आणि खिशातून कागद काढून खणखणीत वाचलं, “कलम तिसरं. व्यासपीठावर गायिका आणि साथीदार सोडून कुणी चढणार नाही.” मग खाली बघून, “सरपंचसाहेब, हे कलम जरा तुमच्या बोलीत सांगता का पब्लिकला?” सगळी जत्रा हसायला लागली. सरपंच उठला आणि पुतण्याच्या कानाला धरून म्हणाला, “ह्याचा अर्थ, तू खाली उतर मुडद्या!” मी त्या दिवशी जी गायले, तशी परत कधी गायले नाही. पाठीशी कुणी आहे म्हणलं, की आवाज आपोआप मोकळा होतो.

मग कॅसेटचे दिवस आले. पानपट्टीवर, रिक्षात, जिथं तिथं कॅसेट. मुंबईच्या एका कंपनीचा माणूस मला शोधत आमच्या गल्लीत आला. गोरापान, गोड बोलणारा, सारखा “ताई, ताई” करणारा. म्हणाला, ताईंच्या आईच्या ओव्या महाराष्ट्राच्या घराघरांत गेल्या पाहिजेत. मला तर आभाळ ठेंगणं झालं. आई माझी अडाणी बाई, तिचं दळण घराघरांत जाणार! करार त्यानं बरोबरच आणला होता. टाइप केलेला, सहा-सात पानी, सगळा इंग्रजीत.

नवरा म्हणाला, “एखाद्या वकिलाला दाखवू.” मी म्हणाले, “काका असताना वकील कशाला? त्यांना काय वाटेल?” हे वाक्य माझंच आहे. ते मी कुणावर ढकलत नाही.

काकांना इंग्रजी येतं का, असा प्रश्नच आम्हाला पडला नव्हता. एवढा कोर्टातला माणूस! कधी विषय निघाला तर ते हसून म्हणायचे, “अंग्रेजी काय, उर्दूहून आसान. त्यात मजकूर शोधावा लागत नाही, वरच तरंगतो.” आता आठवतं, की कुणाची तार आली, की काका म्हणायचे, चष्मा घरी राहिला, पोस्टमास्तरांकडून वाचून घ्या. आणि चष्मा नाकावरच असायचा. आम्ही म्हणायचो, म्हातारपण, विसरतात बिचारे.

तर काका आमच्या घरी आले. मी सतरंजी अंथरली, चहा ठेवला. कंपनीचा माणूस समोर. काकांनी कागद घेतला, मान जरा मागं नेली आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले. मराठीतून. अस्खलित. “आज रोजी लिहून देणार आणि लिहून घेणार... ओव्यांची मालकी गायिकेकडेच कायम राहील... कंपनीस फक्त ध्वनिफिती काढण्यापुरता अख्तियार... गायिकेस अन्यत्र गाण्यास कोणतीही मनाई नाही... कॅसेटवर गायिकेच्या आईचं नाव ठळक छापलं जाईल...” पान उलटायचं तेव्हा उलटायचे, मधेच एखाद्या ओळीवर थांबून “हं, हे ठीक,” म्हणायचे. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा कागद पालथा ठेवला. “आता तुझ्या बोलीत सांग बेटी.”

मी सांगितलं. एक शब्द चुकले नाही. आईचं नाव छापणार, हे तर दोनदा सांगितलं. काकांचे डोळे भरले. आणि तो कंपनीचा माणूस! त्यानं इतका वेळ एक शब्द काढला नाही. बशीतला चहा संपवत गालात हसत होता. त्याला दोन ओळींतच कळलं असणार, की म्हातारा काय वाचतोय आणि कागदावर काय आहे. मी सही केली. काकांनी माझे मुखत्यार आणि साक्षीदार म्हणून खाली उर्दूत सही ठोकली.

कॅसेट आली. आईचं नाव कुठंच नव्हतं. मी काकांना दाखवलं, तर म्हणाले, छापणाऱ्याची चूक असेल, मी पत्र लिहितो. पुढच्या गणपतीत मी गल्लीत गायले, आणि महिन्याभरात कंपनीची नोटीस. ती सरळ घेऊन मी कोर्टाजवळ जाधव वकिलांकडं गेले. तरुण माणूस, पण नेक. करार वाचत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. “ताई, तुम्ही ओव्या, शब्द, चाली, सगळं कायमचं कंपनीला दिलंय. तुम्ही स्वतःसुद्धा त्या कुठं जाहीर म्हणायच्या नाहीत. कंपनी त्या कुणाकडूनही गाऊन घेऊ शकते.” मी म्हणाले, नाही हो, मालकी माझ्याकडंच आहे, मला तोंडपाठ आहे सगळं. आणि मी त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. वकिलांनी पानं परत पहिल्यापासून चाळली. मग म्हणाले, “ह्यातलं एक वाक्य ह्या कागदात नाही. हे तुम्हाला कुणी वाचून दाखवलं?”

“मुन्शीकाकांनी,” मी म्हणाले. तरी मन मानेना. वाटलं, वकील पोरगेला आहे, चुकला असेल. खात्री करायला मी जे केलं, त्याची मला आजही लाज वाटते, पण केलं. नवऱ्याच्या कारखान्यातून शिफ्ट बदलल्याचं पत्र आलेलं होतं, इंग्रजीत टाइप केलेलं. ते घडी घालून मी काकांच्या ओट्यावर गेले. “काका, करार परत एकदा वाचा. माझ्या मनाची शांती.” काकांनी चष्मा सारखा केला. ओळीवर बोट ठेवलं. आणि माझ्या नवऱ्याच्या शिफ्टच्या पत्रातून वाचायला लागले, “ओव्यांची मालकी गायिकेकडेच कायम राहील...”

मी त्यांना थांबवू शकले नाही. पान एकच होतं, ते संपलं, तरी त्यांचं वाचणं संपेना. शेवटी मी म्हणाले, “काका, हा करार नाही. ह्यांच्या कारखान्याचं पत्र आहे.”

काकांचं बोट तिथंच ओळीवर. समोरून पोरं सायकलचं चाक पळवत गेली. मग म्हणाले, “मला अंग्रेजी येत नाही, बेटी. कधीच आली नाही.”

“मग म्हणायचं होतं ना! त्याच दिवशी म्हणायचं होतं! मी दुसऱ्या कुणाकडं गेले असते.”

“तेच,” काका म्हणाले. “तू दुसऱ्याकडं गेली असतीस.” मग म्हणाले, “मी जे वाचलं, ते खोटं नव्हतं. करार असाच असायला पाहिजे होता. मी लिहिला असता, तर असाच लिहिला असता.”

मी फार बोलले त्यांना. गल्ली गोळा झाली इतकं बोलले. आईच्या ओव्या विकल्यात तुम्ही, तुमच्या तोऱ्यापायी विकल्यात, असं म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग जाधव वकील मला घेऊन त्यांच्याकडं गेले आणि समजावून सांगितलं, की वाट आहे. कोर्टात एवढंच सांगा, की मला इंग्रजी येत नाही, मी बाईंना चुकीचं समजावलं. करार रद्द व्हायची आशा आहे, पण सगळं तुमच्या साक्षीवर. काका माझ्याकडं बघून म्हणाले, “जिथं उभा करशील तिथं सांगीन, शकू. जबान दिली.” माझा निम्मा राग तिथंच विरघळला. घरी येऊन मी कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

तारखेला काका आले. कोट इस्त्री केलेला. पण एक गोष्ट आम्ही कुणी ध्यानात घेतली नव्हती. मुन्शीजींची साक्ष आहे म्हणल्यावर जुने लोक बघायला आले होते. अर्ज लिहिणारे, स्टॅम्पवाले, पेन्शनीत निघालेले दोन-तीन कारकून. बाकावर जागा नव्हती. ज्यांच्यापुढं हा माणूस आयुष्यभर मान वर करून चालला, ते सगळे तिथं. काकांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि कठड्यात चढले.

जाधव वकिलांनी सरळ विचारलं, “आपल्याला इंग्रजी वाचता येतं का?”

काकांनी घसा खाकरला. “येतं.”

वकिलांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. परत विचारलं. “येतं,” काका म्हणाले. “हा कागद मी बाईंना अक्षर न् अक्षर वाचून दाखवला. त्यांनी समजून सही केली.” देवाची शपथ घेऊन म्हणाले हो! ज्याला माझा मुखत्यार म्हणलं, त्यानं तिथं उभं राहून मला परत एकदा विकलं. पहिल्यांदा विकलं तेव्हा निदान त्याला ठाऊक नव्हतं. एकेरी येतंय तोंडात, येऊ द्या.

जाधव वकील माझ्याकडं वाकले. तोंड लाल झालं होतं. “ताई, घाबरू नका. न्यायाधीशांची परवानगी घेतो आणि हाच करार मुन्शीजींच्या हातात देतो. म्हणतो, पहिली ओळ वाचा. एक मिनिटाचं काम आहे.” आणि ते कागद घेऊन उठले.

मी काकांकडं बघितलं. त्यांना ते कळलं होतं. एका हातानं त्यांनी कठडा धरला होता, आणि दुसऱ्या हातानं कोटाचं वरचं बटण चाचपत होते. ते त्या कागदाकडं असं बघत होते, की मला बघवेना. मी वकिलांचा काळा कोट मागून धरला. म्हणाले, “नको.”

“ताई, अहो, केस जाईल!”

“जाऊ द्या. नको म्हणते ना.”

का म्हणाले, विचारू नका. नवऱ्यानं विचारलं, वकिलांनी विचारलं, आजवर मला सांगता आलेलं नाही. दया आली म्हणावं, तर त्या घडीला मला त्यांचा गळा दाबावासा वाटत होता. पण त्या माणसाला इंग्रजी कागदापुढं उघडा पडलेला मी त्यांच्याच ओट्यावर एकदा बघितलं होतं. परत बघायची ताकद नव्हती.

काका खाली उतरले. बाकावरचे लोक बाजूला झाले. दारातला म्हातारा पट्टेवाला उठून उभा राहिला, कपाळाला हात लावून म्हणाला, “आदाब, मुन्शीजी.” काकांनी मान ताठ केली आणि त्याला आदाब केला, पहिल्यासारखा, रुबाबात. मग माझ्यापासून हातभर अंतरावरून गेले. मला वाटलं, आता थांबतील. काही नाही तर नुसतं बघतील तरी. मी हाक मारली, “काका!”

पाऊल जरासं अडलं. ऐकू आलं होतं त्यांना. मग ते पुढं पडलं, आणि काका व्हरांड्यातून लोकांचे सलाम घेत चालत गेले.